छेद उडवणाऱ्या बाई

आमच्या इमाबारी गावात टॉवेलच्या गिरणीत राबलेल्या बायका आवाजावरून ओळखू येतात. मागांच्या खडखडाटात उमर गेलेली, त्यामुळे शेजारी बसलेल्या माणसाशीही त्या ओरडूनच बोलतात. सोगाबे हात्सुए मात्र हळू बोलायची. मुद्दाम हळू. ही सवय लावून घ्यायला तिला किती कष्ट पडले ते तिचं तिला माहीत, पण लावून घेतली खरी, कारण ती आता बाई झाली होती. शाळेतली बाई नव्हे हो! तांदळाच्या दुकानाच्या माडीवर ओवादा बाईंची शिकवणी चालायची, तिथं मुलांचे कागद तपासायला ही बसायची. पण मुलांना असले भेद कुठले कळायला? लाल पेन्सिल हातात धरून बसेल ती बाई.

हात्सुए मूळची समोरच्या ओशिमा बेटावरची. नववी झाली आणि बापानं तिला बोटीत बसवून गिरणीच्या वसतिगृहात आणून सोडलं. अभ्यासात बरी होती म्हणतात. पण तिच्या पाठीवर आणखी तिघं, मग बरी असून उपयोग काय? वर्गातल्या इतर मुली पुढच्या शाळेचा गणवेश घालून बोटीनं यायच्या तेव्हा ही गिरणीच्या फाटकातून तोंड फिरवून आत जायची. पुढे कियोशीशी लग्न झालं. हा रंगाच्या कारखान्यातला, खाऊनपिऊन सुखी माणूस. मूलबाळ झालं नाही. गिरणीनं निम्मे माग बंद केले तेव्हा चाळिशीची हात्सुए घरी बसली, आणि कुणाच्या तरी ओळखीनं ओवादा बाईंकडे गेली.

ओवादा बाई म्हणजे निवृत्त हेडमास्तरीण. मुलं त्यांना मोठ्या बाई म्हणायची. त्यांनी पहिल्याच दिवशी चहा पुढे करत विचारलं होतं, "शिक्षण कितपत झालंय तुमचं?"

"झालंय की. सगळ्यांचं होतं तेवढं," हात्सुए म्हणाली.

आता सगळे म्हणजे कोण? आजकाल सगळी मुलं बारावीपर्यंत शिकतात, म्हणून मोठ्या बाईंनी बारावी धरली. हात्सुएच्या मनात वसतिगृहातल्या सगळ्या मुली होत्या. खोटं बोलली असं कुणाला म्हणता येणार नाही, पण खरं बोलली असंही नाही. आपलं ठेवावं झाकून, दुसरं काय!

काम तसं सोपं होतं. छापील उत्तरं शेजारी ठेवायची, मुलाचं उत्तर जुळलं की लाल गोल काढायचा, नाही जुळलं की तिरकी रेघ. अडलं तर मुलाला मोठ्या बाईंच्या टेबलाकडे धाडायचं. आपण शिकवायचं नाही, हा नियम. पण कान काही कुणी बांधून ठेवले नव्हते. मोठ्या बाई शिकवायच्या आणि हात्सुए लाल पेन्सिल फिरवता फिरवता ऐकायची. ऐकता ऐकता तिला एके दिवशी समीकरण कळलं. क्ष छेद दोन अधिक क्ष छेद तीन बरोबर दहा. छेद नकोसे वाटतात ना, मग सगळ्याला सहानं गुणा. छेद उडाले! पाच क्ष बरोबर साठ, क्ष बारा. हात्सुएच्या अंगावर काटा आला. गणितातलं काहीतरी आपलंही झालं, असं तिला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. घरी भांडी घासताना ती मनातल्या मनात छेद उडवायची.

तेराओ मिहो ही तिची लाडकी मुलगी. तेरा वर्षांची, बडबडी, केस नेहमी ताज्या फॅशनचे, कारण आईचं बाजारपेठेत केस कापायचं दुकान. अभ्यासात मध्यम, पण मनापासून करायची. शाळेच्या परीक्षेला दोन दिवस राहिले होते तेव्हा ती एक कागद घेऊन हात्सुएपुढे येऊन बसली.

"सोगाबे बाई, हे बघा ना. शाळेतून दिलंय सरावाला. मला काही सुचतच नाही."

"मोठ्या बाई आल्या की विचार."

"त्या दाताच्या डॉक्टरकडे गेल्यात, आज येणार नाहीत म्हणे. तुम्ही सांगा ना." मिहोनं मान तिरकी केली. "का, तुम्हाला येत नाही?"

मुलीच्या मनात काही नव्हतं हो, सहज विचारलं तिनं. पण हात्सुएला ते नेमकं जिथं लागायचं तिथं लागलं. शाळेच्या कागदाला छापील उत्तरं नव्हती. नियम आठवला, आणि आठवून तिनं तो बाजूला सारला.

"न यायला काय झालं? आण इकडे."

कागदावर ओळीनं अपूर्णांक होते. पहिलंच होतं, क्ष छेद दोन अधिक क्ष छेद तीन. हात्सुएला जुनी ओळखीची बाई रस्त्यात भेटावी तसं झालं. वर 'सोपं रूप द्या' असं लिहिलं होतं, ते कोण वाचतंय!

"हे छेदच नडतात ना तुला? मग उडव त्यांना! दोन आणि तीनचा लसावि किती?"

"सहा."

"गुण सहानं. हे तीन क्ष, हे दोन क्ष. झाले पाच क्ष. संपलं!"

"इतकं सोप्पं?"

"मग! उगाच धसका घेऊन बसतेस."

मिहोनं भराभर सगळा कागद संपवला, प्रत्येक गणितात छेद उडवला. जाताना पायऱ्यांवरून ओरडली, "बाई, तुम्ही मोठ्या बाईंपेक्षा भारी शिकवता!" त्या रात्री जेवताना हात्सुए इतकी खुशीत होती की कियोशीनं विचारलं, "लॉटरी लागली का काय?" अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं म्हणतात ते हेच.

परीक्षेचे कागद मिळाले तेव्हा मिहो शिकवणीला आली ती खाली मान घालून. मोठ्या बाईंनी उत्तरपत्रिका पाहिली आणि चष्मा कपाळावर चढवला.

"अगं मिहो, हे काय? सगळे छेद गेले कुठं? गिळलेस का?"

मुलं हसली. मोठ्या बाईंचा आवाज हेडमास्तरणीचा, माडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत स्वच्छ ऐकू जाणारा.

"समीकरणाला दोन बाजू असतात. इकडे सहानं गुणलंस तर तिकडेही सहानं गुणतेस, म्हणून ते चालतं. ही नुसती राशी आहे, हिला दुसरी बाजू आहे का? कुठं दिसतंय तुला बरोबरचं चिन्ह? सोपं रूप द्या म्हटलं, तर तू सहापट करून ठेवलंस! असं नाही ना करत तू कधी. कुणी शिकवलं तुला हे?"

मिहोनं मान वर केली आणि हात्सुएकडे पाहिलं.

रागानं नाही, तक्रारीनंही नाही. पोरीला वाटलं, आता सोगाबे बाई बोलतील. बाईंनी शिकवलं म्हणजे त्याला काहीतरी कारण असेल, ते त्या सांगतील. हात्सुएनं मनाशी म्हटलं, हिनं माझं नाव घेतलं की मी लगेच हो म्हणते. नाव घेऊ दे फक्त. आणि तिनं डोळे खाली वळवले, समोरच्या कागदावर एक लाल गोल काढला. कुणाचा कागद, कुठलं उत्तर, तिला काही दिसत नव्हतं.

"मीच," मिहो हळूच म्हणाली. "मला वाटलं असंच असतं."

"वाटलं! गणितात वाटून चालतं का? आता अपूर्णांकांपासून सुरुवात करायची. ते घे पाचवीचे कागद आणि त्या बुटक्या टेबलावर बैस."

बुटकं टेबल लहान मुलांचं. मिहो आपले लांब पाय दुमडून तिथं बसली. तिच्याशेजारी शेंबूड पुसणारा दुसरीतला मुलगा. "ताई, तू नापास झालीस?" त्यानं विचारलं. सगळ्यांना ऐकू गेलं, हात्सुएलाही. ती मूग गिळून बसून राहिली. आणि खरं सांगायचं तर आपलं चुकलं कुठं हेही तिला कळलं नव्हतं. सहानं गुणलं की छेद जातात, हे मोठ्या बाईंनीच सांगितलेलं ना? मग त्यांचे गेलेले चालतात आणि माझे गेलेले का चालत नाहीत? पण विचारणार कुणाला? बाईनं बाईला विचारायचं?

पुढच्या सोमवारी शिकवणी नुकती भरत होती. जिन्यात पावलं वाजली आणि मिहोची आई वर आली. दुकानातला एप्रन तसाच अंगावर, केसांच्या औषधाचा वास, एका हातात रेशमी रुमालात बांधलेला मिठाईचा डबा आणि दुसऱ्या हातात मिहोचं मनगट. मिठाईचा डबा रुमालात बांधून कुणी दारात आलं की आमच्याकडे लहान मूलही ओळखतं, माफी मागायला आलंय. मोठ्या बाई उठू लागल्या, पण आई त्यांना ओलांडून थेट हात्सुएपुढे येऊन गुडघ्यांवर बसली.

"सोगाबे बाई, कुठल्या तोंडानं आले माझं मला ठाऊक. या कार्टीनं काय करावं? परवा मार्कांवरून ओरडले तर म्हणते कशी, सोगाबे बाईंनीच तसं शिकवलं! ऐकून माझ्या पायाखालची जमीन सरकली. स्वतःची चूक झाकायला बाईंचं नाव घ्यायचं? एवढं नाही शिकवलं हो मी तिला!"

"अहो, पण..." हात्सुएच्या घशातून एवढंच निघालं.

"नाही, नाही, तुम्ही तिची बाजू घेऊ नका. मिहो, वाक! वाक म्हणते ना!"

आणि तिनं मिहोच्या मानेवर हात ठेवून तिचं डोकं चटईला टेकवलं. स्वतःही वाकली. लहान मुलं पेन्सिली तोंडात धरून बघत होती.

"मी खोटं बोलले," चटईतून मिहोचा आवाज आला. "माफ करा, बाई."

आता बोलायचं होतं. याच्यापेक्षा चांगली वेळ कुठली येणार होती? दोन शब्द पुरे होते, खरंय ते. पण समोर मोठ्या बाई उभ्या, बाजूला सगळी मुलं, आणि ते दोन शब्द निघाले की पाठोपाठ नववी निघणार, गिरणी निघणार, छापील उत्तरं निघणार. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. तिनं दोन्ही हातांनी डबा घेतला आणि तीही वाकली.

"असू द्या हो," ती म्हणाली. "मुलंच आहेत. चालायचंच."

असू द्या! काय शब्द सुचला बाईला! पाप हिचं, शिक्षा पोरीला, आणि वर क्षमाही हीच करणार!

घरी कियोशीनं डबा पाहिला आणि त्याला कोण आनंद झाला. "अरे वा! कुणी दिला गं?"

"एका मुलीच्या आईनं."

"बघ, याला म्हणतात मान! आम्ही तीस वर्षं रंगात हात घातले, हिरवेनिळे झालो, आम्हाला कुणी दिली का मिठाई?" त्यानं एक तोंडात टाकली, डोळे मिटले, दुसरी उचलली. "महागातली आहे. तू घे ना."

"दात दुखतोय."

"मोठ्या बाईंचा दात तुला लागला वाटतं," तो हसला आणि तिसरी घेतली. हात्सुएला त्याच्या चघळण्याचा आवाज सहन होईना. ती उठून मागच्या अंगणात गेली, कपडे वाळलेले नव्हते तरी ते काढायला लागली.

थंडीचे दिवस, म्हणजे आमच्याकडे दारोदार संत्री. दुसऱ्या दिवशी नणंदेनं बेटावरून अर्धी पेटी पाठवली आणि दुपारी शेजारणीनं आपल्या पेटीतली उरलेली आणून ठेवली, तिसरा हिस्साच असेल. हात्सुए दारात उकिडवी बसली. दोन्ही पेट्या सारख्याच मापाच्या, एक अर्धी भरलेली, एक तिसऱ्या हिश्शापर्यंत. जागा वाचावी म्हणून तिनं एकीतली संत्री दुसरीत ओतली. पेटी भरत आली, वर थोडी जागा राहिली. अर्धा आणि तिसरा हिस्सा. सहातले पाच हिस्से. एका पेटीलाही कमीच.

तिचा हात तसाच राहिला.

क्ष छेद दोन अधिक क्ष छेद तीन. आणि तिनं मिहोला काय सांगितलं होतं? पाच क्ष. पाच पेट्या! या दारात पाच पेट्या संत्री कुठून येणार? कुणी दिल्या? दोघींनी जेवढं दिलं तेवढंच आहे, त्याला फार तर एका पेटीत नीट लावता येईल. सहानं गुणायचा अधिकार दिला कुणी? हां, कुणी सांगितलं असतं की या दोन्हींचं वजन मिळून दहा किलो भरतंय, तर गोष्ट निराळी. मग इकडे सहापट धरा, तिकडेही सहापट धरा, पाच पेट्यांचे साठ किलो, म्हणजे भरलेली पेटी बाराची. तिकडचं दहाही सहापट झालं, म्हणून खोटं झालं नाही. पण नुसतीच संत्री असताना पाच पेट्या म्हणायचं म्हणजे चक्क थाप. मोठ्या बाई ओरडून सांगत होत्या, हिला दुसरी बाजू आहे का? तेव्हा ते कानावर पडलं होतं, आता डोक्यात शिरलं.

तुम्हाला वाटेल, कळलं म्हणून तिला आनंद झाला असेल. समीकरण कळलं तेव्हा झाला होता. या वेळी ती तिथंच उंबऱ्यावर बसून रडली. आतापर्यंत मनाला सांगायला एक जागा होती, मला तरी कुठं कळत होतं, कदाचित माझं बरोबरही असेल. ती जागा गेली. पोरगी खरं बोलली होती. तिला शिकवलं ते चूक होतं, आणि तिचं डोकं चटईला टेकलं ते हिच्यासमोर.

गुरुवारी शिकवणीच्या आधी हात्सुए बाजारपेठेत तेराओंच्या दुकानापुढे उभी राहिली. हातात रुमालात बांधलेला मिठाईचा नवा डबा. आत खुर्चीत एक जाडशी गिऱ्हाईक बाई डोक्यावर केस कुरळे करायच्या पन्नासएक गुंडाळ्या लावून बसली होती आणि मिहोची आई तिच्या मागे उभी होती. हात्सुएच्या मनात आलं, गिऱ्हाईक जाऊ दे, मग जाऊ. लगेच तिला स्वतःचीच किळस आली. पोरीची माफी सगळ्या माडीसमोर झाली, आणि हिला आडोसा हवा? तिनं दार ढकललं.

"अगंबाई, सोगाबे बाई! या, या. तुम्ही कशाला तसदी घेतलीत? आणि हा डबा कशाचा?"

"मिहो आहे?"

"वर आहे. मिहो! खाली ये, बाई आल्यात!" मिहो जिन्याच्या शेवटच्या पायरीवर येऊन थांबली. खाली उतरली नाही.

हात्सुएनं डबा पुढे केला आणि वाकली. "मिहो खोटं बोलली नव्हती. मीच शिकवलं होतं तसं. चूक माझी होती, आणि तुम्ही आलात तेव्हा मी गप्प बसले."

आईचे डोळे भरून आले. "बाई, काय म्हणावं तुम्हाला! मुलीचं मन मोडू नये म्हणून सगळं स्वतःवर घेताय?"

"अस्सा शिक्षक हवा," गुंडाळ्यांखालून गिऱ्हाईक बाई म्हणाली. "आमच्या नातवाच्या शाळेत एकही नाही असा!"

"नाही हो!" हात्सुएचा आवाज एकदम गिरणीतला झाला, आरशापुढच्या बाटल्या हादराव्यात असा. "ऐका तरी! मी शिक्षक नाही. मी नववी शिकलेय. पंधराव्या वर्षापासून मागावर होते. तिथं छापील उत्तरं बघून गोल काढते मी, दुसरं काही येत नाही मला. मिहोनं विचारलं, तुम्हाला येत नाही का, तर नाही म्हणायची लाज वाटली. म्हणून ठोकून दिलं. इथून मोठ्या बाईंकडेच जातेय सांगायला. उद्यापासून मी तिथं नसेन."

आईच्या हातातला कंगवा खाली आला. तिनं हात्सुएकडे पाहिलं, मग मिहोकडे, आणि तिच्याकडे मात्र फार वेळ पाहता आलं नाही. गिऱ्हाईक बाईनं मासिक उघडून त्यात तोंड घातलं.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?" मिहो पायरीवरून म्हणाली. "मी सारखी तुमच्याकडे बघत होते. आणि आई आली तेव्हा तर तुम्ही डबासुद्धा घेतलात."

"लाज वाटत होती गं," हात्सुए म्हणाली. "सगळ्यांसमोर फार लाज वाटत होती."

"आणि मला नव्हती वाटत?"

"मिहो!" आईच्या तोंडून सवयीनं निघून गेलं. "बाईंशी असं बोलतात? माफी माग!"

बोलल्यावर तिचं तिलाच कळलं, आणि तिनं ओठ दाबले. पण पोरीचीही मान सवयीचीच. मिहो पायरी उतरून खाली आली, हात्सुएपुढे उभी राहिली आणि हात मांड्यांवर ठेवून वाकायला लागली.

हात्सुएनं पुढे होऊन तिचे दोन्ही खांदे धरले. "नको. वाकू नकोस, बाळ. तू नको वाकूस."

मिहो अर्धवट वाकलेली थांबली. मग ती सरळ झाली, तिनं हात्सुएचे हात एकेक करून खांद्यांवरून काढले आणि वर निघून गेली.